दीप्तीची दशा

शाहूपुरीतलं डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये बंद झालं. बाईंचे गुडघे गेले होते आणि पुण्याचा मुलगा दर फोनला चला चला म्हणत होता. मीनाबाई कांबळे तिथं सव्वीस वर्षं सिस्टर होत्या. शेवटच्या दिवशी बाईंनी त्यांना एक साडी दिली आणि कपाटातली जन्मनोंदीची रजिस्टरं पुढं सरकवली.

"ही तूच ठेव, मीना. लोक वेळ विचारायला येतील. मी पुण्यात बसून कुणाला काय सांगू?"

रिक्षात पायाशी रजिस्टरं घेऊन मीनाबाई कसबा बावड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत आल्या. त्या दिवसापासून त्यांना कुठं जायचं नव्हतं. सकाळी साडेपाचला जाग यायची, अंघोळ, चहा, केर सगळं सातपर्यंत उरकायचं, आणि मग दिवस तसाच पुढं पडलेला असायचा. शेजारपाजारी सगळी नवी बिऱ्हाडं होती. नवरा-बायको दोघं कामाला, पोरं शाळेत. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसायचं. प्रसूतिगृहात असताना चार मिनिटं शांत बसायला मिळावीत म्हणून त्या तळमळायच्या. आता शांतताच खायला उठली होती. भाऊ प्रसेनजीत कागलला हायस्कुलात मास्तर होता. तो महिन्यातून एकदा यायचा, तासभर बसायचा, "आक्का, काय लागलं तर सांग," म्हणायचा आणि पाचची एस.टी. धरायचा.

जूनमध्ये एक म्हातारे गृहस्थ पत्ता शोधत आले. गणपती चौगुले नाव, एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. वय पासष्टच्या पुढं, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. सगळे त्यांना आण्णा म्हणत. ते पत्रिका बघत, पैसे घेत नसत. ओळखीच्या एका मुलीची जन्मवेळ त्यांना हवी होती.

मीनाबाईंनी रजिस्टर काढलं. आण्णांनी चष्मा लावून नोंद वाचली, मागची दोन पानं चाळली, पुढची दोन चाळली.

"नऊ बेचाळीस. अकरा सात. तीन एकोणीस." ते मान वर करून म्हणाले, "सिस्टर, दुसरीकडं बघावं तर नुसतं 'सकाळी' लिवल्यालं असतंय, न्हायतर साडेनऊ, दहा. तुम्ही मिनिटासकट लिवलंय की!"

"घड्याळ समोरच असायचं," मीनाबाई म्हणाल्या.

"समोर सगळ्यांच्याच असतंय. बघतंय कोण?" आण्णा चहा पिऊन उठले आणि दारात थांबून म्हणाले, "मी रविवारी दुपारी शिकवतो. शाहूपुरी पाचवी गल्ली, पिठाच्या गिरणीवर. चार-पाच माणसं येत्यात. या की. वेळ जाईल."

मीनाबाईंच्या घरात पत्रिका कधीच नव्हती. छप्पन साली वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यानंतर मुहूर्त, नक्षत्र, असल्या गोष्टी घरातून हद्दपार झाल्या आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. प्रसेनजीतला कळलं तर तो काय म्हणेल, हे त्यांना माहीत होतं. तरी रविवारी दोन वाजता त्या के.एम.टी.च्या बसमध्ये बसल्या. ग्रहांवर विश्वास होता म्हणून नाही. आठवड्यात एक जागा अशी होईल, जिथं कुणीतरी आपली वाट बघत असेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गिरणीच्या वरच्या खोलीत सतरंजी, भिंतीला काळा फळा. विमा एजंट कृष्णात, बँकेत काम करणारी प्रीती, दोघं निवृत्त कारकून. खालून गिरणीचा पट्टा घरघरायचा आणि फळ्यावर खडूपेक्षा पिठाचीच धूळ जास्त बसायची. आण्णा दशा शिकवत होते.

"माणसाचं आयुष्य एकशेवीस वर्सांचं धरायचं. जगतंय का कोण? न्हाय. पण हिशेबाला धरायचं. ती वर्सं नऊ ग्रहांनी वाटून घेतल्यात. चंद्र दहा, मंगळ सात, राहू अठरा, गुरू सोळा, शनी एकोणीस... जलमताना चंद्र ज्या नक्षत्रात, त्या नक्षत्राच्या मालकाची पहिली पाळी. मग क्रम ठरल्याला. एस.टी.चं वेळापत्रकच समजा. गाडी कुठल्या थांब्यावर तुम्हाला घेती, एवढाच फरक."

मीनाबाईंना ते आवडलं. एका ग्रहाचा काळ संपतो, दुसऱ्याचा सुरू होतो, आणि तारीख आधी कळते. तिसऱ्या रविवारी आण्णांनी गृहपाठ दिला: घरातल्या एका माणसाची जन्मतारीख आणि वेळ घेऊन त्याची दशा मांडून आणा.

घरातलं माणूस. मीनाबाई आठवडाभर त्यावर विचार करत राहिल्या. त्यांची स्वतःची वेळ कुणालाच ठाऊक नव्हती, आई बयाबाई म्हणायची, "गुरं परत यायच्या टायमाला झालीस." प्रसेनजीतची वेळ विचारायची सोय नव्हती. एकच वेळ त्यांना पक्की माहीत होती. एकोणतीस जुलै एकोणीसशे एकोणसत्तर, सकाळी आठ वाजून सतरा मिनिटं. कागलच्या दवाखान्यात खाटेच्या समोरच घड्याळ होतं. मुलगी झाली होती, सातव्या महिन्यात. ती अकरा तास जगली. नवरा त्याच्या आधीच दुसरीकडं राहायला गेला होता. संध्याकाळी वडील बाळाला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले, एकटेच परत आले, आणि घरात त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी मीनाबाई नर्सिंगच्या कोर्सला गेल्या.

शनिवारी दुपारी त्यांनी वही उघडली आणि आण्णांनी दिलेल्या जुन्या पंचांगातून चंद्र काढला. श्रवण नक्षत्र. म्हणजे पहिली पाळी चंद्राची. मग नक्षत्राचा किती भाग सरला होता त्यावरून गणित केलं आणि उत्तर आलं एक वर्ष सात महिने चोवीस दिवस.

रविवारी आण्णांनी वही बघितली. "चुकलं. तुम्ही गेल्यालं धरलंय, सिस्टर. गेल्यालं धरायचं नसतंय, ऱ्हायल्यालं धरायचं." त्यांनी फळ्यावर करून दाखवलं. चंद्राची आठ वर्षं चार महिने सहा दिवस उरत होती. पाच डिसेंबर सत्त्याहत्तरपर्यंत चंद्र, मग चौऱ्याऐंशीपर्यंत मंगळ, मग दोन हजार दोनपर्यंत राहू.

"कुणाची ही?"

"मुलीची," मीनाबाई म्हणाल्या. हे खोटं नव्हतं.

"नाव काय पोरीचं?" आण्णा खडू धरून थांबले होते. सगळे बघत होते.

नाव ठेवायला वेळच मिळाला नव्हता. "दीप्ती," त्या म्हणाल्या.

आण्णांनी फळ्यावर कुंडलीच्या वर 'चि. दीप्ती' असं लिहिलं. ती अक्षरं पुसली जाईपर्यंत मीनाबाई बघत राहिल्या.

"एकोणतीस वर्सांची. राहूत शुक्राची अंतर्दशा चाललीय. लग्नाचा योग हाय. झालं का लगीन?"

तिथं खरं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर खोलीत शांतता पसरली असती, प्रीतीनं अरेरे म्हटलं असतं, आणि फळा पुसून आण्णांनी दुसऱ्या कुणाची तरी कुंडली घेतली असती.

"झालं," त्या म्हणाल्या. "बेळगावला दिलीय."

"बघा!" आण्णा खुश होऊन बाकीच्यांकडं वळले. "जमतंय का न्हाय गणित?"

बसमधून परत येताना मीनाबाईंना वाटलं होतं, आता लाज वाटेल. तसं काही झालं नाही. घरी येऊन त्यांनी भात टाकला आणि वहीत नवं पान काढलं. दीप्तीच्या दोन मैत्रिणींची नावं आधी त्यांच्या मनात आली, मग शाळा. चंद्राची पाळी संपली तेव्हा पोर आठ वर्षांची, तिसरीत. मंगळात पडली-झडली असेल, पेरूच्या झाडावरून पडून हात मोडला असेल. राहू लागला तेव्हा पंधरा वर्षांची. अभ्यासात लक्ष लागत नसेल, आईला उलट बोलत असेल. महादशेच्या पोटात अंतर्दशा, तिच्या पोटात आणखी बारीक भाग. दर दुपारी त्या एकेक भाग मांडत बसत. आधी गणित, मग शेजारी दोन ओळी. "दहावीला बासष्ट टक्के." "कॉलेजला जायचं नाही म्हणाली. समजूत काढली." बाहेर गल्लीत कुणी नसायचं. चारला गवळ्याची सायकल वाजेपर्यंत त्या तिथं नसायच्याच.

शिकण्यात त्या पटकन पुढं गेल्या. कृष्णात चुकला की आण्णा म्हणत, "सिस्टरांची वही बघ." आणि दर रविवारी कुणी ना कुणी विचारायचं, "दीप्ती काय म्हणतीया?" मीनाबाई सांगायच्या. जावई बरे आहेत. सासू जरा कडक आहे. दिवाळीला यायला जमलं नाही. राहूत रवी लागला तेव्हा आण्णांनी तब्येतीला जपायला सांगितलं आणि अकरा महिने दर शनिवारी मारुतीला तेल घातलं. मीनाबाईंना हे नंतर प्रीतीकडून कळलं. त्या रविवारी त्यांना सतरंजीवर बसवेना. खरं सांगून टाकायचं असं ठरवून त्या पुढच्या आठवड्यात गेल्या. आण्णा जिन्यातच भेटले. "चंद्र लागला की पोरीचा! लेकराचा योग हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता की मीनाबाईंनी मान हलवली आणि त्या वर सतरंजीवर जाऊन बसल्या. दोन हजार एकच्या फेब्रुवारीत त्यांनी सांगितलं की दीप्तीला मुलगा झाला. कृष्णातनं पेढे आणले.

मे महिन्यात आण्णांच्या पुतण्याचं लग्न बेळगावात निघालं.

"पत्ता द्या. पोरीला नि बाळाला बघून येतो," आण्णा म्हणाले. "तीन वर्सं तिची दशा मांडतोय, तोंड तरी बघू की."

"कशाला उन्हातान्हात, आण्णा..."

"ऊन काय खातंय व्हय मला? बोला, लिवून घेतो."

सगळ्यांच्या देखत मीनाबाईंनी पत्ता सांगितला. टिळकवाडी, दत्ताच्या देवळामागं, उजवीकडचं दुसरं घर, माने. बेळगावला त्या आयुष्यात एकदा गेल्या होत्या, एका पेशंटला पोचवायला. त्यांना वाटलं, लग्नाच्या गडबडीत म्हातारा माणूस कुठं शोधत बसतोय.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता दाराची कडी वाजली. आण्णा बाहेर उभे होते. टोपी घामानं काळी पडलेली, ओठ सुकलेले. बेळगावच्या गाडीतून उतरून ते घरी न जाता थेट बावड्याला आले होते. मीनाबाईंनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. आण्णांनी तांब्या संपवला.

"सापडलं न्हाय घर," ते म्हणाले. "दत्ताच्या देवळामागं हिंडलो. तिथं माने कुणी न्हाईत. मग दुसरं देऊळ दाखवलं कुणीतरी, तिथं बघितलं. पोस्टमन गाठला. साडेदहापास्नं एक वाजेस्तोवर हिंडलो. मला वाटलं मीच चुकीचं लिवून घेतलंय." त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढून स्टुलावर ठेवलं. बाळाचं झबलं होतं, पिवळं, आणि काळ्या मण्यांची मनगटी. "हे तुम्हीच पाठवा आता."

मीनाबाई समोर जमिनीवर बसल्या. 

"आण्णा, दीप्ती नाही."

"म्हंजे?"

"मुलगी झाली होती. ती वेळ खरी आहे. आठ सतरा. त्याच दिवशी संध्याकाळी गेली. अकरा तास होती."

 बाहेरून भंगारवाल्याची आरोळी येऊन पुढं गेली.

"आणि बेळगाव? जावई? ते लेकरू?"

"तुम्ही विचारत गेलात. मी सांगत गेले."

"मी विचारत गेलो." आण्णांचा आवाज चढला. "तीन वर्सं मला येड्यात काढलंसा बाई! मी त्या पोरांच्या म्होरं छाती फुगवून सांगतोय, बघा, लगीन झालं, लेकरू झालं, गणित बरोबर आलं! कसलं गणित? जे माणूसच न्हाय त्येचं गणित?" ते उठले आणि पुन्हा बसले.  "खरं सांगितलं असतं तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

"नाही. पण मग तुम्ही तिचं नाव पुसून टाकलं असतं."

आण्णांनी त्यांच्याकडं बघितलं.  मग पिशवी उचलली.

"रविवारी येऊ नका आता," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "मला जमणार न्हाय."

पुडकं स्टुलावरच राहिलं. मीनाबाई दारातून बघत होत्या. आण्णा भिंतीच्या सावलीनं हळूहळू के.एम.टी.च्या थांब्याकडं गेले. ते वळून बघतील असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्यांनी बघितलंही नाही.

त्यानंतरचे महिने पहिल्यापेक्षा वाईट गेले. आधी घर नुसतं रिकामं होतं. आता त्यात एक मुलगी नव्हती, जावई नव्हता, नातू नव्हता. रविवारी दोन वाजले की त्या मुद्दाम कपडे धुवायला काढत. वही आण्णांकडेच राहिली होती, तपासायला दिलेली. ती मागायला जायचं धाडस नव्हतं. एकदा शाहूपुरीतून जाताना त्यांनी बसच्या खिडकीतून पिठाच्या गिरणीकडं बघितलं. वरच्या खोलीची खिडकी बंद होती.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, प्रसेनजीत आलेला असताना कृष्णात वही घेऊन आला. तो आत आला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "आण्णांनी दिलीया. वर्ग बंद केला त्यांनी, ठाऊक असंल तुम्हाला. पत्रिकाबी बघत न्हाईत आता कुणाची."

"तब्येत?"

"बरी हाय. नातवंडांत असत्यात." त्यानं खिशातून स्कूटरची किल्ली काढली. "मला सांगितलंय त्यांनी. बाकी कुणाला न्हाय." आणि स्कूटर सुरू करून तो गेला.

मीनाबाई चहा ठेवायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा प्रसेनजीतच्या हातात वही उघडी होती. त्यांनी दारातच थांबून त्याच्या रागाची वाट बघितली. बावीस प्रतिज्ञा, वडिलांचं नाव, सगळं ऐकायची त्यांची तयारी होती.

तो पानं उलटत होता. हळूहळू, एकेक ओळ वाचत. एका पानावर आण्णांनी लाल पेननं बेरीज दुरुस्त केली होती. हातचा एक धरायचा राहिला होता. शेजारच्या ओळींना, दहावीच्या टक्क्यांना आणि मोडलेल्या हाताला त्यांनी हात लावला नव्हता.

"एकोणतीस जुलै," प्रसेनजीत म्हणाला. "हे ते आपलं बाळ, न्हवं आक्का?"

मीनाबाईंनी कप खाली ठेवला. "तुला काय माहीत? तू केवढा होतास तेव्हा."

"बाबांनी सांगितलं मला. जायच्या आधीच्या वर्षी, ब्याऐंशी साली. सायकलवर डबल सीट बसून आले नि पुरल्याली जागा दाखवली. म्हणाले, मीनाला सांगू नको, ती आता सावरलीय." त्यानं वही मिटली. "मी सांगितलं न्हाय."

"एकोणीस वर्षं?"

"तू कधी बोलली न्हाईस. मला वाटलं, तुला नको असंल."

 चहा गार झाला. त्या दिवशी प्रसेनजीतनं पाचची गाडी धरली नाही, सातची धरली.

पुढच्या गुरुवारी मीनाबाई कागलला गेल्या. प्रसेनजीत त्यांना स्कूटरवरून हमरस्त्यानं दूधगंगेच्या बाजूला घेऊन गेला. चौपदरी रस्त्याचं काम चाललं होतं. कडेची झाडं पाडलेली, मुरमाचे ढीग, पिवळी यंत्रं. एका ठिकाणी त्यानं गाडी थांबवली आणि इकडं तिकडं बघत राहिला.

"इथं ओढ्याची मोरी होती. मोरीच्या अलीकडं एक बाभूळ. तिच्या बुंध्यापास्नं सात पावलं, नदीकडं तोंड करून." बाभूळ नव्हती. ओढ्यावर सिमेंटचा नवा पाइप टाकला होता आणि त्यावर भर घातली होती. "इथं असंल. न्हायतर तिथं, त्या रोलरच्या जवळ. गेल्या पावसाळ्यापतोर होती गं बाभूळ."

मीनाबाई मुरमावर उभ्या राहिल्या. ट्रक जवळून जात होते, पदर उडत होता. नेमकं कुठं बघायचं, कळत नव्हतं.

"बाबा यायचे इथं?"

"वर्सातनं एकदा. घरी सांगायचे, ऊस बघून येतो म्हणून. आपला कुठला आलाय ऊस?"

हे ऐकून मात्र मीनाबाईंना रडू आलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, वडील त्या दिवशी घरी परत आले आणि विसरून गेले. प्रसेनजीत शेजारी उभा राहिला. त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि धरून ठेवली.

कागलच्या स्टँडवर तो म्हणाला, "आक्का, ते घर भाड्यानं दे. आमच्यात येऊन ऱ्हा."

"नको रे. बघू," त्या म्हणाल्या, आणि दोघांनाही कळलं की त्या येणार नाहीत. गाडी लागली. तो गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली थांबला होता.

शेजारच्या सीटवर एक बाई येऊन बसली, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. निपाणीहून आलेली असावी. गाडी गावाबाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "पावणं, कुठपतोर?"

"कोल्हापूर. बावड्याला."

"पोराकडं का लेकीकडं?"

"माझंच घर आहे. एकटीच असते." मीनाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि मग परत त्या बाईकडं. "एक मुलगी झाली होती. अकरा तास जगली."

बाईनं नाव विचारलं नाही, कधीची गोष्ट तेही विचारलं नाही. गोकुळ शिरगाव आलं, माणसं चढली, उतरली. तिनं पिशवीचं तोंड सोडलं, मूठभर शेंगा काढून मीनाबाईंच्या ओच्यात टाकल्या, आणि दोघी टरफलं खिडकीबाहेर टाकत शेंगा खात राहिल्या.